नमुन्याचा हिरवा पेन

पौर्णिमाने डबा दुसऱ्यांदा उपडा केला. टेबलावर हिरव्या कांड्या घरंगळल्या, त्यातली एक खाली पडून लेथच्या पायाशी जाऊन थांबली. पेन नव्हता.

"इंद्या, नमुन्याचा पेन कुठाय?"

तिचा भाऊ इंद्रजीत लेथवर वाकलेला होता. त्याने मानही वर केली नाही. "डब्यात."

"डब्यात नाही."

"मग तूच हलवला असशील, ताई. मी हात लावत नाय त्याला. तूच सांगितलंस ना, लावायचा नाय म्हणून."

तिने तसं सांगितलं होतं खरं, आणि उगाच सांगितलं नव्हतं.

धसईत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही दोघं फाउंटन पेन बनवत. पौर्णिमा साच्यात रंगीत रेझिन ओतून कांड्या तयार करी, इंद्रजीत त्या लेथवर कातून, पोखरून, घासून पेन करी. तिचं शिक्षण रसायनशास्त्रात एम.एस्सी. मुरबाडच्या एमआयडीसीत रंगांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिने काही वर्षं काढली होती. कारखाना बंद पडला तेव्हा तिने भावाच्या लेथशेजारी आपला तराजू आणि बाटल्या मांडल्या.

यंदा पुण्याच्या एका दुकानदाराने वेगळंच काहीतरी मागितलं होतं. त्याने मोबाइलवर एक जुनं चित्र पाठवलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात आर्ट नूव्हो नावाची एक शैली निघाली होती, त्यातलं. बाईच्या मोकळ्या केसांच्या वेली झालेल्या, वेलींमध्ये चतुराचे पंख अडकलेले, आणि सगळ्या चित्रावर एक विलक्षण हिरवा रंग पसरलेला. धड पोपटी नाही, धड शेवाळी नाही. आतून जुन्या सोन्यासारखा पिवळा आणि कडेला धुरकट जांभळा. पौर्णिमाला चित्र पाहताक्षणी वालाची शेंग आठवली. हा रंग आपल्याला जमेल, असं तिला वाटलं.

तो जमेना. तिच्याकडचे सुरक्षित पिवळे रंग रेझिनमध्ये गेले की मरगळत. जुन्या चित्रकारांच्या हिरव्यात जो पिवळा असे तो शिशापासून बनलेला, क्रोम यलो. मग तिने कारखान्यात करत तेच केलं. आधी खऱ्या रंगाचा एक नमुना बनवायचा, मग तो समोर ठेवून बिनविषारी रंग त्याच्याशी जुळवत न्यायचे. कारखान्यातल्या एका जुन्या बाटलीत तळाला तो पिवळा शिल्लक होता. तो मिसळून तिने वेलीवेलीची एकच हिरवी कांडी ओतली. रंगाची खोली गोलाईवर आणि चकाकीतच कळते, म्हणून त्या कांडीचा पेनही करून घेतला. इंद्रजीतला मास्क लावायला लावला, कातताना पाण्याची धार सोडली, चुरा गोळा करून बंद केला. पेनला लाल चिकटपट्टी गुंडाळली. प्रयोगशाळेत लाल पट्टीचा एकच अर्थ होता, हात लावू नये.

"आईला विचार," इंद्रजीत म्हणाला. आता त्याने लेथ बंद केला होता.

चिमाबाई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या.

"तो हिरवा होय? तो मी दिला की. सहा डिसेंबरला, विहारात."

पौर्णिमा दाराची चौकट धरून उभी राहिली.

बाबासाहेबांच्या स्मृतिदिनाला वस्तीतले लोक आता फुलं आणि मेणबत्त्या आणत नसत. घरटी एक वही आणि एक पेन फोटोपुढे ठेवला जाई, आणि तरुण मंडळ ते सगळं एखाद्या शाळेतल्या मुलांना वाटून येई. गेली काही वर्षं ही रीत पडली होती.

"लाल पट्टी होती ना त्याला?"

"होती. काढली. दुकानाचा कागद तसाच ठेवून कुणी वस्तू देतं का? रॉकेलच्या बोळ्याने पुसला चांगला. असा झळकला म्हणून सांगू!"

"आई, मला विचारायचंस तरी."

"त्यात काय विचारायचं? बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवायचा. घरात एवढे पेन, त्यातला टाकाऊ बघून देऊ? सगळ्यात देखणा होता तो दिला." चिमाबाईंनी सूप खाली ठेवलं. मुलीचा चेहरा त्यांना आता दिसला. "काय झालं गो?"

"त्यात शिसं आहे."

"शिसपेन्सिलीत असतं ते? ती तर पोरं दिवसभर चावतात."

"पेन्सिलीत नसतं, आई. तिथे नुसतं नाव राहिलंय. यात खरं आहे."

पौर्णिमाला आईवर रागावता येईना. आपण खूण केली ती प्रयोगशाळेच्या रीतीने, आणि पेन ठेवला घरात. घरातल्या रीतीने आईने केलं ते बरोबरच होतं.

*

तरुण मंडळाचा मुकेश धसई ते मुरबाड स्वतःची इको गाडी चालवायचा. फोनवर त्याला पेन लगेच आठवला.

"हिरवा, वेलीवेलीचा? अरे, तो तर मी वेगळा काढून दिला. डोळखांबच्या पुढं आश्रमशाळा आहे, तिथल्या सरांना म्हटलं, ज्याचं अक्षर सगळ्यात चांगलं त्याला हा द्या. एका पोरीला मिळाला. फोटो आहे माझ्याकडं. का गं?"

तिने सांगितलं.

"थांब," मुकेश म्हणाला. "गाडी घेऊन येतो. तुम्ही दोघंच जाऊ नका. तिथं जाऊन काहीतरी बोलून बसशील."

गाडी सरळगावच्या पुढे निघाली. इंद्रजीतच्या खिशात एक निळा पेन होता, गिऱ्हाइकासाठी तयार केलेला. बदली द्यायला तो त्याने उचलून आणला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात कापून झालेली शेतं होती, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या.

"आता नीट सांग," मुकेश म्हणाला. "पोरगी मरेल का?"

"नाही. हातात धरून काहीच होत नाही. रेझिनमध्ये रंग पक्का अडकलेला असतो. पण चावला, तुकडे पोटात गेले, तर पोटातल्या आम्लाने थोडं शिसं सुटतं. ते रक्तात जातं, मग हाडात. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, आणि वरून काही दिसत नाही."

"पण थोडंच ना?"

"ज्याच्या अंगात लोह कमी, ते शरीर शिसं जास्त ओढून घेतं. आश्रमशाळेत किती मुलींच्या अंगात लोह पुरेसं असेल, तूच सांग."

मुकेशने गिअर बदलला. "बरं. ऐक. आपण जायचं, म्हणायचं, पेनमधून शाई गळते, बदलून द्यायला आलोय. नवा द्यायचा, जुना घ्यायचा, निघायचं. शिशाचं नाव काढायचं नाय."

"का?"

"का म्हणून विचारतेस? उद्या कुणीतरी मोबाइलवर टाकेल, धसईच्या बौद्धवाडीनं आदिवासी पोरांना विष वाटलं. टपूनच बसलेत लोक. पुढच्या सहा डिसेंबरला आपली वही कोण हातात घेईल? एवढी वर्षं लागली ही गोष्ट उभी करायला."

"मुकेशदादा बरोबर बोलतोय, ताई," इंद्रजीत मागून म्हणाला. "शेडवर पण बालंट येईल. आपल्याला पेन मिळाल्याशी मतलब."

पौर्णिमाने विचार केला. पेन जसा गेला तसाच परत मिळाला, तर या खोट्याने कुणाचंच काही बिघडत नव्हतं. "चावलेला नसेल, तर तू म्हणतोस तसं," ती म्हणाली.

"आणि असेल तर?"

किन्हवली गेली. पुढे डोळखांबचा रस्ता चढणीला लागला आणि दोन्हीकडून जंगल जवळ आलं.

*

आश्रमशाळेच्या वसतिगृहाच्या रुपाली मॅडम उन्हात खुर्ची टाकून हजेरी भरत होत्या. मुकेशला त्यांनी ओळखलं. त्याने मोबाइलमधला पेनवाल्या मुलीचा फोटो दाखवला.

"गोजर ना? सातवीची. ती घरी आहे. पोटात दुखत होतं, आईने परवा नेली."

पौर्णिमा पुढे सरकली. "पोटात कुठे दुखत होतं?"

"मधोमध." रुपाली मॅडम हसल्या. "सगळ्या पोरींचं तिथेच दुखतं."

"उलट्या? शौचाला होत होतं का?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. तिला पेन चावायची सवय आहे का?"

"ती काय चावत नाही ते विचारा. खडू खाते. भिंतीचा पोपडा खाते. ओढणीचं टोक तर कायम तोंडात. रक्त कमी आहे तिचं. गोळ्या देतो, तर जिभेखाली धरते आणि बाहेर जाऊन थुंकते. पण का हो?"

"शाई गळते त्या पेनमधून," मुकेश घाईने म्हणाला. "कपडे खराब होतील पोरीचे. बदलून द्यावा म्हटलं."

"त्याच्यासाठी धसईहून आलात?" रुपाली मॅडमनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग हात करून वाट दाखवली. "ओढ्यापर्यंत गाडी जाईल. पुढे बांधावरून चाला. पाड्यावरचं शेवटचं घर. आईचं नाव गोदू."

ओढ्यापासून पौर्णिमा सगळ्यांच्या पुढे चालत होती. पोटदुखी, बद्धकोष्ठता, भूक मरणं. कारखान्यात सुरक्षेच्या वर्गात ही लक्षणं तिने स्वतः कामगारांना वाचून दाखवली होती. दहाबारा दिवसांत एवढं होणार नाही, हे तिला माहीत होतं. एवढ्याशा रंगात तितकं शिसं नव्हतं, हेही ती मनात पुन्हा पुन्हा मांडून पाहत होती. तरी पाय आपोआप भरभर पडत होते.

"ताई, हळू," इंद्रजीत मागून ओरडला. "बांधावरून पडशील."

शेवटच्या घराला कुडाच्या भिंती होत्या. अंगणात एक बाई नाचणी पाखडत होती. पडवीत एक मुलगी पालथी पडून वहीत लिहीत होती. अनोळखी माणसं पाहून ती उठून बसली आणि पेनचं मागचं टोक तिने तोंडात धरलं.

पौर्णिमा थेट तिच्यापुढे जाऊन गुडघ्यांवर बसली. "गोजर, तोंड उघड बघू."

मुलीने बावचळून तोंड उघडलं. खालच्या हिरडीच्या कडेने निळी रेघ होती.

अंगात फार दिवस शिसं साठलं की हिरडीवर अशीच निळी रेघ येते. कारखान्याच्या भिंतीवर तसा फोटो लावलेला होता. पौर्णिमाने आपल्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हिरडी जोराने पुसली. गोजर कळवळली. ओढणीवर निळा डाग आला. हिरडी स्वच्छ, फिकट गुलाबी निघाली.

"ओ बाई!" पाखडणारी बाई सूप टाकून धावत आली. ती गोदू होती. "काय करता माज्या पोरीला?"

"हे निळं काय आहे?" पौर्णिमाने ओढणीवरचा डाग पुढे धरला.

"नीळ," गोजर पुटपुटली.

"कसली नीळ?"

"कपड्याची. शाई संपली ना. आमच्या शाळेत कुणाकडंच शाई नसते, सगळ्यांचे डॉटपेन. मग मॅडमच्या साड्यांची नीळ पाण्यात कालवली. फिकट येते, पण येते. तोंडानं ओढून आत घ्यावी लागते जराशी."

"आणि पोटात? अजून दुखतं?"

गोजरने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"दुकतं कसलं!" गोदू म्हणाली. "नाटकी हाय ती. शाईसाटी घरी आलीय. रोज बापाला सांगते, शहापूरला गेलास का दौत आन. शाळेतून शाईसाटी सोडीत नाय, म्हून पोट दुकवलं."

इंद्रजीत मोठ्याने हसला. मुकेशही हसला आणि अंगणातच खाली बसला. पौर्णिमालाही हसू येणार होतं, पण तेवढ्यात तिची नजर गोजरच्या मुठीकडे गेली. पेनच्या टोपणाच्या टोकाला इंद्रजीतने कळीसारखा एक छोटा मणी कातून बसवला होता. तो नव्हता. तिथे दातांच्या खुणा होत्या आणि कडा कुरतडलेली होती.

"गोजर, इथला मणी कुठे गेला?"

"तुटला."

"मग काय केलंस?"

"नाय म्हाईत. तोंडात होता."

इंद्रजीतचं हसू थांबलं. मुकेश पटकन उठून पुढे झाला.

"बाळा, या पेनातून शाई गळते. आम्ही तुला नवीन आणलाय. हा बघ, निळा. दे तो इकडं."

गोजरने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मला ह्योच पायजे."

"अगं, हा त्याच्याहून चांगला आहे."

"ह्यो मला अक्षरासाठी दिलाय. सगळ्यांसमोर दिलाय."

गोदू मुलीच्या पुढे येऊन उभी राहिली. तिच्या अंगावर नाचणीचा भुसा होता. "दादा, तुमच्यात दिलेली वस्तू परत मागतात का? माज्या पोरीनं चोरला नाय पेन. चावला तर चावला. तिचा हाय."

मुकेशचा चेहरा उतरला. निळा पेन त्याच्या हातात तसाच राहिला. त्याने पौर्णिमाकडे पाहिलं आणि तिच्या मनातलं ओळखून डोळ्यांनीच नको म्हणून खुणावलं.

पेन आता कसाही मिळाला असता. दोन गोड शब्द, वर शाईची एक दौत, आणि गोजरने मूठ उघडली असती. पण मणी मुलीच्या पोटात गेला होता की अंगणात पडला होता, हे पेन परत घेऊन कळणार नव्हतं. त्यासाठी तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि शाई गळते म्हणून कुणी पोरीला दवाखान्यात नेत नाही.

"शाई गळत नाही," पौर्णिमा म्हणाली.

"पौर्णिमा," मुकेश म्हणाला.

"गळत नाही, गोदूताई. हा पेन मी बनवलाय. याच्या रंगात शिसं आहे. तो कुणाला द्यायचा नव्हता, रंग जुळवायला ठेवला होता. घरातून चुकून दिला गेला. चूक माझी आहे, मी तो कुलपात ठेवला नाही. शिसं पोटात गेलं तर विष आहे. गोजरने त्याचा तुकडा गिळलाय की नाही, ते मला बघायचंय."

गोदू तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शिसं म्हंजे? जाळ्याला लावतात त्या गोळ्या?"

"हो. तेच."

"ह्या!" गोदूने हात झटकला. "त्या तर आमी दातानं दाबतो. जाळ्याच्या दोरीवर गोळी धरायची आन दातानं चेपायची. माजा सासरा दाबायचा, नवरा दाबतो. ही बी दाबते. काय होत नाय."

"गोजर दाबते?"

"तिचे दात बारीक ना. चांगली बसते गोळी."

हे पौर्णिमाने मनात कुठे धरलंच नव्हतं. "मग तर रक्त तपासायलाच हवं," ती म्हणाली. "आजच. शहापूरला."

"काय होतं त्यानं?"

"लगेच काही होत नाही, म्हणून तर कळत नाही. हळूहळू होतं. मुलांना शिकलेलं राहत नाही. हात थरथरतो." तिने वहीकडे बोट केलं. "असं अक्षर येत नाही."

गोदूने वही उचलली. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने फिकट निळ्या ओळींवरून नजर फिरवली, सावकाश, पानाच्या तळापर्यंत. गोजर आईच्या मागे पेन मुठीत आवळून उभी होती.

"खोटं बोलत होते ते दादा," गोदू शेवटी म्हणाली.

"हो," मुकेश म्हणाला. त्याने निळा पेन इंद्रजीतच्या हातात दिला. "घाबरलो होतो मी, ताई. आमच्या वस्तीचं नाव जाईल म्हणून."

"आन माजी पोर गेली असती तर?"

मुकेश दोन पावलं मागे सरला.

"मंग आता कशावरून खरं बोलता? सुई टोचायची, रक्त काढायचं, आन मंग काय?" गोदू पौर्णिमाकडे वळली. "तू बनवलास ना? तुज्या हातातून गेला ना आदी? मंग तुजं रक्त आदी काढायचं. माज्या डोळ्यांसमोर. तुला टोचलं, तर माज्या पोरीला टोचू देईन."

"काढा," पौर्णिमा म्हणाली.

*

शहापूरच्या सरकारी दवाखान्यात दुपारची गर्दी होती. चिठ्ठी काढताना नर्सने विचारलं, कशामुळे आलात, तेव्हा पौर्णिमाच्या आधी मुकेश पुढे झाला. "पेन आमच्या मंडळाने दिला होता," तो म्हणाला. "धसईचं तरुण मंडळ. माझं नाव लिहा." रुपाली मॅडमनाही त्याने स्वतः फोन केला. जिन्याखाली उभा राहून तो बराच वेळ बोलत होता आणि मध्येमध्ये नुसताच ऐकत होता.

आधी गोजरच्या पोटाचा एक्स-रे काढला. शिसं किरणांना अडवतं, त्यामुळे तुकडा पोटात असेल तर काळ्या फिल्मवर पांढरा ठिपका दिसेल, हे पौर्णिमाने गोदूला आधीच सांगून ठेवलं होतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. गोदू टाचा उंच करून बघत होती.

"पांढरं कुटं हाय? हे?"

"ते हाड आहे," डॉक्टर म्हणाले. "तुकडा कुठे दिसत नाही. एक तर तो अंगणात पडला असेल, नाहीतर शौचावाटे केव्हाच गेला. पण रक्त पाठवतो मुंबईला. शिसं तिथे तपासतात."

नर्सने सुई तयार केली आणि गोजरला स्टुलावर बसायला सांगितलं. गोदूने तिचं मनगट धरून ठेवलं.

"आदी ही," ती म्हणाली.

"अहो, पेशंट कोण आहे?" नर्स वैतागली.

"ही पन हाय."

पौर्णिमा स्टुलावर बसली आणि तिने बाही वर केली. गोजर जवळ सरकली. सुई आत गेली, नळीत रक्त चढलं. गोजर ते डोळे बारीक करून बघत होती.

"दुकतं?"

"थोडं," पौर्णिमा म्हणाली. "टोचताना. मग नाही."

गोजरने पेन बाहेर काढला, थोडा वेळ हातात फिरवला आणि पौर्णिमाच्या मांडीवर ठेवला. मग स्वतःच आपली बाही वर सारली. इंद्रजीत दाराशी उभा होता. त्याला नर्सने विचारलं, तुमचंही काढायचं का? तो हसून म्हणाला, "मला काय झालंय? मी ठणठणीत आहे."

*

रिपोर्ट यायला आठवडा गेला. त्या आठवड्यात पौर्णिमाने एकही कांडी ओतली नाही. पुण्याच्या दुकानदाराला तिने रंग तयार नाही असं कळवलं, का नाही तेही कळवलं, आणि त्याचं उत्तर आलं नाही. धसईत एव्हाना गोष्ट सगळ्यांना कळली होती. मुकेशने विहारात उभं राहून ती स्वतः सांगितली होती. काही लोक चिमाबाईंशी बोलेनासे झाले होते, तर काही जण मुद्दाम येऊन ओट्यावर बसून जात होते.

शहापूरला डॉक्टरांनी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. तिने दोन्ही आकडे वाचले, परत वाचले, आणि घड्या घालून पिशवीत ठेवले. बाहेर पायरीवर येऊन तिने गोदूच्या नवऱ्याच्या मोबाइलवर फोन लावला. तो गोदूनेच उचलला.

"पोरीचं?" गोदूने विचारलं.

"मर्यादेच्या आत आहे. पण अगदी काठावर. डॉक्टर म्हणाले, लोहाच्या गोळ्या गिळायच्या, थुंकायच्या नाहीत. आणि जाळ्याच्या गोळ्या दाताने चेपायच्या नाहीत. तिनेच नाही, घरात कुणीच नाही. पकड आणा एक. दोन महिन्यांनी परत रक्त बघायचं."

"चेपायच्या नाय. बरं." पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. गोदू कुणाला तरी ओरडून सांगत होती, ठीक हाय म्हनं, ठीक हाय. मग ती परत फोनवर आली. "आन तुजं?"

पौर्णिमाला ठीक आहे म्हणता आलं असतं. समोर नव्हतंच कुणी.

"माझं जास्त आलंय," ती म्हणाली. "गोजरच्या दुपटीहून जास्त."

"पेन तर पोरीनं चावला."

"माझं पेनाचं नसेल. कारखान्यातलं असेल, तेव्हाचं. शिसं हाडात बसून राहतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं बाहेर येतं. मी कधी तपासलंच नव्हतं." हे बोलताना तिला नवल वाटलं. हजारो बाटल्या तिने तपासल्या होत्या.

गोदूने विचारलं, "आन तुजा भाऊ? यंत्रावर बसतो तो?"

रस्त्यापलीकडे इंद्रजीत टपरीपाशी चहा पीत उभा होता. त्याने तिच्याकडे बघून हात केला, चहा हवा का म्हणून. त्याच्या शर्टाच्या बाहीला नेहमीसारखा रेझिनचा भुगा चिकटलेला होता.

"त्याचं काढलेलं नाही," पौर्णिमा म्हणाली.

"तुमी दवाखान्यातच हाव ना?"

"पायरीवर."

"मंग ने त्याला आत. नाय म्हनाला तर फोन दे त्याच्याकडं, मी बोलते. ठेवू नको. मी हाय हितं."

पौर्णिमाने फोन कानापासून जरा दूर धरला आणि रस्त्यापलीकडे हाक मारली.

"इंद्या! चहा ठेव खाली. इकडे ये."